दर्शनाला गेलेली नवरी

चेलनाच्या घरच्यांना लग्नाला बोलवायचंच, असा हट्ट हेमलतानेच धरला होता. चेलनाचा साफ नकार होता.

"तू माझ्या मम्मीला ओळखत नाहीस," ती म्हणाली.

"तिच्या डोळ्यांसमोर तुझ्या वडिलांना अंघोळी घातल्यात मी. ओळखत कशी नाही?"

आणि ते खरंही होतं. जळगावचे डाळीचे जैन व्यापारी नेमीचंद शेठ यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा हेमलता दवाखान्यातर्फे नर्स म्हणून त्यांच्या घरी जाऊ लागली. शेठची एक बाजू गेली होती आणि जीभ लुळी पडली होती. हेमलता त्यांच्यासमोर बसायची, बालवाडीतल्या पोराकडून म्हणून घ्यावं तसं एकेक अक्षर त्यांच्याकडून म्हणून घ्यायची, लाळ पुसायची, पुन्हा म्हणायची. ज्या दिवशी शेठ "पाणी" असं स्वच्छ बोलले, त्या दिवशी त्यांच्या बायकोने, तारादेवींनी, हेमलताच्या हातावर पेढा ठेवला होता. त्याच घरात, औषधांच्या वेळा सांभाळता सांभाळता, हेमलताचं आणि शेठच्या मुलीचं जुळलं. पुढे चेलना घर सोडून निघाली, दोघींनी जळगावातच पिंपराळ्यात खोली घेतली, आणि तारादेवींनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

हे लग्न कोणत्याही सरकारी कागदावर लागणार नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. पण चार माणसांसमोर, उघड्यावर, दिवसाढवळ्या एकमेकींच्या गळ्यात हार घालायचा, एवढं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हेमलताचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिने बापाला, चैत्रामला, सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "तुना जीव शे ना तिनावर? मंग लई ये तिले."

सुट्टी मिळाली की दोघी बस धरून गावी जायच्या. शेताच्या बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली मांडव घालायचं ठरलं. बांबू चैत्रामने तोडून दिले, बांधले मात्र या दोघींनी. चेलनाला गाठ मारता येत नव्हती. तिने बांधलेला कोपरा दोनदा खाली आला आणि ती हसत हसत मातीत बसली. पळसाची फुलं वेचून उकळली, त्या पाण्यात पांढरं सुती कापड बुडवलं, आणि केशरी झालेलं कापड बांबूंवर ताणलं. हेमलताच्या आईने, जमनाने, पत्रावळी लावायला शिकवलं. शेजारची ताईबाई गावातली गाणी म्हणणारी. ती काळजीत पडली.

"गानामा नवरदेवनं नाव कोनतं घालू?"

"दोन्ही नवऱ्याच आहेत, ताईबाई."

"मंग दोन्हीस्नं नाव घालसू," ती म्हणाली आणि चुलीपुढे बसून तिने गाणं जुळवूनही टाकलं.

हे सगळं इतकं सुरळीत चाललेलं पाहून हेमलताला वाटलं, माझं माहेर उभं आहे, मग हिचंच का नसावं? चेलनाच्या मागे लागून, शेवटी तिला न विचारताच, तिने तारादेवींना फोन केला. तारादेवींनी एवढंच विचारलं, "कुठे आहे? कधी आहे?"

थोड्याच दिवसांनी त्या स्वतः पिंपराळ्याचा जिना चढून आल्या. चेलनाला जवळ घेतलं. "जग काहीही म्हणो, मुलगी माझी आहे," त्या म्हणाल्या. हेमलताकडे वळून म्हणाल्या, "पण बेटा, जमिनीखालचं काही नको हं स्वयंपाकात. आणि सूर्य मावळायच्या आत जेवणं."

त्या गेल्यावर चेलना खिडकीशी उभी राहिली. "रडली नाही ती," ती म्हणाली. "मम्मी खरंच मानली असती, तर रडली असती."

"आता आईनं रडावं कसं, तेही तूच ठरव," हेमलता म्हणाली आणि हसली.

गावी बेत बदलला. कांदा, लसूण, बटाटा गेला. वांग्याचं भरीतही तारादेवींच्या घरी चालत नव्हतं, म्हणून तेही गेलं. खानदेशातलं लग्न आणि भरीत नाही, म्हणून ताईबाई कुरकुरली. पण जमनाने नवी पातेली आणली, चुलीची जागा शेणाने पुन्हा सारवली आणि सांगितलं, "येणारं माणूस उपाशी जावाले नको."

लग्नाच्या दिवशी दुपारी पांढरी गाडी बांधापाशी थांबली. तारादेवी उतरल्या, चेलनाचा भाऊ पुनीत उतरला. नेमीचंदांना प्रवास झेपत नाही, म्हणून ते आले नव्हते. तारादेवींनी मांडवाच्या कापडावरून हात फिरवला. "हा रंग घरी केला?" त्यांनी जमनाला विचारलं, आणि जमना इतकी लाजली की तिला बोलता येईना. मग सगळ्या गावासमोर तारादेवींनी आपल्या गळ्यातली सोन्याची चेन काढून हेमलताच्या गळ्यात घातली. बायकांनी गाणं धरलं. हेमलताने वाकून पाया पडताना पाहिलं, चेलनाचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, जिंकलो.

"आता एक आमची रीत," तारादेवी म्हणाल्या. "हार घालायच्या आधी मुलीनं भगवंताचं दर्शन घ्यायचं. शिरपूरला मंदिर आहे. जाऊन लगेच येतो."

"मीपण येते," हेमलता म्हणाली.

"नाही बेटा. हार घालायच्या आधी दोघींनी बरोबर निघायचं नसतं."

चेलनाने हेमलताचा हात धरला. "तूच सांग. जाऊ?"

"जा की. आई आहे तुझी."

चेलना गाडीत बसली. पुनीतने दार लावलं.

आधी ताईबाईची गाणी संपली. मग पोरंबाळं भुकेने कुरकुरू लागली. चेलनाचा फोन बंद होता. चैत्राम दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. "कव्हय येई ती?" जमनाने विचारलं, तेव्हा हेमलताने तारादेवींना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"हेमा, लोकांना जेवायला वाढ बेटा," त्या अगदी मायेने बोलल्या. "सूर्य मावळायला आला असेल. आमच्यासाठी थांबू नका."

मागून गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि फोन बंद झाला. गाव जेवलं. वरण-बट्टी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी बापलेक चेलनाला नेल्याची तक्रार घेऊन जळगावच्या पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी विचारलं, "कोण लागते ती तुझी?" हेमलताने सांगितलं. साहेबांनी शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं, आणि हवालदाराने तोंडावर रुमाल धरला. तरी त्यांनी शेठकडे निरोप धाडला.

सगळं घर आलं. तारादेवी, पुनीत, काठी टेकत नेमीचंद आणि मधोमध चेलना. तिच्या हातावर मेंदी तशीच होती. हेमलता उठून उभी राहिली. चेलनाने मान वर केली नाही.

"मुलगी घरी आहे, आपल्या मर्जीनं आहे," पुनीत म्हणाला. "आता आमची तक्रार घ्या. ती चेन बघा तिच्या गळ्यात. माझ्या आईची आहे."

हेमलताचा हात गळ्याकडे गेला. कालपासून ती काढायचं तिला सुचलंच नव्हतं.

"काकू, तुम्हीच घातलीत. सगळ्या गावानं पाहिलं."

"गाव तुझंच ना?" साहेब म्हणाले.

"बाबूजी, तुम्ही सांगा," ती नेमीचंदांकडे वळली. "मी असं करीन का?"

नेमीचंदांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. तिनेच शिकवल्याप्रमाणे आधी श्वास घेतला, ओठ जुळवले आणि एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "ही आमच्याकडे... कामाला... होती." एकही अक्षर अडखळलं नाही.

"आणि तुम्ही काय म्हणता?" साहेबांनी चेलनाला विचारलं. "आईनं चेन दिली का हिला?"

चेलना जमिनीकडे बघत म्हणाली, "मी पाहिलं नाही."

"ही तुमची कोण?"

"पप्पांसाठी बाई ठेवली होती."

चैत्रामने पागोटं काढून हातात घेतलं. पुढचं सगळं त्यानेच केलं. हात जोडले, लेकीला चेन काढायला लावली, आणि ती तारादेवींच्या समोर धरली. तारादेवींनी ती पुनीतला घ्यायला सांगितलं, आपण हात लावला नाही. "आम्हाला केस करायची नाही," त्या म्हणाल्या. "गरीब माणसं आहेत. फक्त माफी मागू दे." हेमलताने माफी मागितली. आवाज नीट आला नाही, म्हणून हवालदाराने पुन्हा मागायला लावली.

परतीच्या बसमध्ये चैत्राम एकदाच बोलला. "गावमा काय सांगू?"

"मी सांगते," हेमलता म्हणाली.

आणि तिने सांगितलं. विहिरीवर सगळ्या बायका असताना, काही न लपवता. ती येणार नाही, तिने मला ओळखलं नाही. त्यांतलीच एक फिस्सकन हसली, आणि तिला पाहून आणखी दोघी हसल्या. ताईबाई हसली नाही. ती म्हणाली, "मंग आमी गाना कोनासाठी म्हन्यात व?" ते हसण्याहून जिव्हारी लागलं.

दवाखान्याने हेमलताला पुन्हा कामावर घेतलं नाही. चेनची गोष्ट तिच्या आधी तिथे पोचली होती. ती गावातच राहिली, आईबरोबर निंदायला जाऊ लागली. एका सकाळी दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हेमा," चेलनाचा आवाज अगदी दबका होता. "विधीच्या फोनवरून बोलतेय, माझ्या चुलत बहिणीच्या. ऐक. पुनीत म्हणाला होता, मी 'चेन मम्मीनं दिली' म्हटलं तर तुला आणि तुझ्या बाबांना दोघांनाही आत टाकतील. तो सगळी व्यवस्था करून आला होता. म्हणून मी तसं बोलले. हेमा, तुझ्यासाठी बोलले मी. हे लोक माझं लग्न ठरवतायत. तू ये. कुठूनही ये, मी निघते."

हेमलताला त्यातला शब्द न् शब्द खरा वाटला. चेलना खोटं बोलली की तिचा आवाज चढतो, हे तिला ठाऊक होतं. आज तो चढलेला नव्हता. पण तिच्या डोळ्यांपुढे पागोटं हातात घेतलेला बाप उभा राहिला, आणि ती दुसरी माफी.

"हेमा? आहेस ना?"

"कोण बोलतंय?" हेमलता म्हणाली. "मी ओळखलं नाही."

पलीकडून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. हेमलताने फोन ठेवला.

"कोन व्हतं?" जमनाने विचारलं.

"कोनी नही."

फोन पुन्हा वाजला. जमना लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. हेमलता शेंगा सोलत होती. वाजून वाजून तो थांबला, आणि त्यानंतर त्या नंबरवरून कधी आला नाही.