उलटी न करायची खुर्ची

ती खुर्ची उलटी करून बघू नका म्हणून किती वेळा सांगायचं? आमच्या सेंट-आंत्वानच्या सुतारगल्लीतल्या लोकांना खोडच आहे. खुर्ची दिसली की आधी उलटी करायची, बुडाखालचा शिक्का वाचायचा आणि मग माना डोलवायच्या. ‘पेरूसचा हात तो पेरूसचाच!’ कपाळ तुमचं. पेरूस म्हणजे माझा नवरा. ही खुर्ची झाली तेव्हा तो कधीचाच मातीत गेला होता.

केली ती ग्रेग्वारनं. नवरा होता तेव्हापासून आमच्याकडे कामाला होता. शिकला बाहेरगावी, त्यामुळे पॅरिसच्या सुतारांच्या पंचायतीनं त्याला उस्ताद काही होऊ दिलं नाही. उस्ताद नाही म्हणजे स्वतःचा शिक्का नाही. मी मात्र उस्तादाची विधवा. नवऱ्याचा शिक्का वापरून दुकान चालवायचा मला हक्क होता, पण मी कारागिराशी लग्न केलं तर शिक्काही जाणार आणि दुकानही. म्हणून वर्षानुवर्षं ग्रेग्वार खुर्च्या करायचा, खिळ्यावरचा पेरूसचा शिक्का काढायचा, बुडाखाली ठोकायचा आणि परत अडकवायचा. जेवायला आम्ही एकाच टेबलाशी, आणि बोलायचा तरी ‘अहो मालकीणबाई’ म्हणून. गल्लीतल्या बायका काय काय बोलायच्या! बोलू देत. त्यांच्या घरचं खात नव्हतो.

मग राजाचे दिवस फिरले आणि पंचायतच मोडीत निघाली. आता ज्याला वाटेल त्यानं स्वतःचा शिक्का करावा. बातमी ऐकून मी पातेलं चुलीवरच टाकून दुकानात धावले.

“ग्रेग्वार, ऐकलंस का? आता करू या लग्न!”

तो खोकत होता. हिवाळ्यापासून त्याच्या छातीत भुसा बसला होता.

“करू की,” तो म्हणाला. “पण मालकीणबाई, देवळाच्या पायऱ्या मी दुसऱ्याच्या नावानं चढणार नाही. आधी एक खुर्ची माझ्या नावाची होऊ द्या.”

“नाव काय चाटायचंय? खोकला बघ जरा!”

“तुम्ही शिक्का करायला टाका. मी लाकूड काढतो.”

हट्टी मेला. पण खरं सांगते, मला ते आवडलं.

माझ्या नवऱ्याचा नमुना त्यानं हातातही धरला नाही. फळीवर कोळशानं नवी खुर्ची काढली, खरीखुरी असते तेवढी मोठी. पाठ लंबगोल, आजकाल सगळ्यांना हवी असते तशी. पाय सरळ, खाली निमुळते, त्यांवर उभ्या पन्हळी. पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे चौकोनी ठोकळा, आणि आमच्याकडे त्यावर नेहमी फूल कोरतात तिथे यानं ऑलिव्हचं एकच पान काढलं. मग मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या पाठीला पट्टी लावली.

“हे काय नवीन?”

“लोकांना ताठ बसवायच्या खुर्च्या पुष्कळ केल्या. ही दमलेल्या माणसासाठी. जरा मागे कलती करतोय.”

मी पाठ सैल सोडली.

बीच झाडाचं लाकूड त्यानं एकेक तुकडा वाजवून घेतलं. पाठीचा गोल चार तुकड्यांतून जुळवला, आणि जोड कुठे आहेत ते बोट फिरवूनही कळेना. चिकटवायला सरस कुठेच नाही. सांध्यांची भोकं केसभर चुकवून पाडायची आणि त्यांत लाकडी खुंट्या ठोकायच्या, की सांधा आपला आपणच आवळून बसतो. पन्हळी कोरताना मात्र दर दोन पन्हळींनंतर तो बाकड्याला टेकायचा. दिवसेंदिवस चेहरा मेणासारखा होत चालला होता.

शिक्का तयार झाल्याचा निरोप आला त्या दिवशी तो तापानं फणफणला होता.

“जा तुम्ही, घेऊन या,” तो म्हणाला. “तोवर मी शेवटच्या खुंट्या मारतो.”

शिक्का मुठीत घट्ट धरून मी जवळजवळ पळतच आले. पोलादात कोरलेलं त्याचं नाव, उलट्या अक्षरांत. दारातूनच ओरडले, “आणला रे!”

खुर्ची बाकड्यावर पालथी होती आणि ग्रेग्वार तिच्याकडे नुसता बघत बसला होता. बुडाखाली ताजा ठसा होता. पेरूसचा.

“शेवटची खुंटी मारली,” तो म्हणाला, “आणि हात आपसूक खिळ्याकडे गेला हो. ठोकल्यावर कळलं.”

मी खुर्चीवर वाकले. “खरवडून काढ ना!”

“नाव खरवडलेली खुर्ची म्हणजे चोरीची. सगळी गल्ली जाणते.”

“मग शेजारी तुझं ठोक.”

तो हसला, आणि हसताहसता खोकला. “शेजारी दुसरं नाव कुणाचं असतं, मालकीणबाई? डागडुजी करणाऱ्याचं. पेरूसची खुर्ची ग्रेग्वारनं दुरुस्त केली, असं वाचतील. नको. दुसरी करू.”

दुसरीसाठी त्यानं लाकूडही निवडून ठेवलं. मग अंथरूण धरलं ते धरलंच. नवा शिक्का उशाशी ठेवून घेतला होता, मधूनमधून अक्षरांवरून अंगठा फिरवायचा. एका सकाळी मी रस्सा भरवत होते, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

“सुझॉन,” तो म्हणाला, “तू बसून बघितलंस का गं तिच्यात? पाठ टेकते ना नीट?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली, आणि तेवढीच.

“टेकते रे,” मी म्हणाले. बसले नव्हते मी. तो गेल्यावर बसले. टेकते.

त्यानं निवडलेल्या लाकडाची शवपेटी केली. कोपऱ्यावरच्या मातुराँ सुतारानं आमच्याच दुकानात बसून ती बांधली, आणि मी त्याला खिळे वापरू दिले नाहीत. पेटी तयार झाली तेव्हा मी म्हटलं, “पालथी कर.”

“का हो वहिनी?”

“कर म्हणते ना!”

त्यानं केली. मी ग्रेग्वारचा शिक्का टेकवला आणि हातोडा उचलला. मातुराँ हळूच म्हणाला, “वरच्या बाजूला ठोका की. लोकांना दिसेल तरी.”

“शिक्का बुडाखालीच असतो,” मी म्हणाले, आणि ठोकला.