बसून ऐका

नामाक्वालँडच्या माणसापुढे तीनच्या ठेक्यात गिटार वाजवायची आणि वर त्याला नाचू नकोस, बसून राहा म्हणायचं, म्हणजे उकळत्या दुधाला उतू जाऊ नकोस म्हणण्यातलाच प्रकार. फान क्लास्तेला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्यानं नवं गाणं बांधलं ते नेमकं तीनच्याच ठेक्यात. आता बोलणार कुणाला?

अकरा वर्षांनी तो गावच्या चर्चच्या हॉलमध्ये स्वतःची आफ्रिकान्स गाणी घेऊन उभा राहिला होता. बायको, डोर्का, गेली त्या संध्याकाळी तो दीडशे किलोमीटरवरच्या एका शेतावर, कुणाच्या तरी लग्नात गात होता. ती अत्यवस्थ आहे असा निरोप आला, तेव्हा त्यानं आणखी एक गाणं म्हटलं आणि मग निघाला. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. डोर्काच्या आईनं, सगळ्या गावाच्या औमा म्हणजे आजी असलेल्या लेनानं, दफनानंतर त्याच्याशी चकार शब्द काढला नाही. फाननं गिटार कपाटात टाकली आणि किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात कामाला लागला.

या हिवाळ्यात त्यानं त्या संध्याकाळचं गाणं लिहिलं, काही म्हणजे काही न लपवता. चर्चच्या बाजाराला म्हातारी येणारच, म्हणून तो आला होता. बाकीच्यांनी ऐकलं काय, न ऐकलं काय.

पण बाकीचे ऐकून घेतील तर ना! आधी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची बायको बेटी माइकवर आली आणि आमचा फान परत आलाय, खुर्च्या भिंतीला लावा, असं जाहीर करून मोकळी झाली. दुसऱ्याच ओळीला खाटीक आपोल्सनं बायकोला ओढून उभं केलं. मग काय, हात लांब करून, कोपरं काढून अख्खा हॉल गरगरायला लागला. फाननं गिटार थांबवली आणि हात जोडून विनवलं. सगळे ओशाळून बसले. पुन्हा सुरू केलं, तर पहिल्या कडव्याला बूट हलले, दुसऱ्याला घागरे. पुन्हा थांबला, तर आपोल्सनं त्यालाच शहाणपण शिकवलं. "तू वाजव रे, आम्ही ऐकतोय. नाचलं म्हणून कान थोडेच बंद होतात?"

तिसऱ्या वेळी फानचं डोकं फिरलं.

"माझ्या बायकोच्या मरणाचं गाणं आहे हे, लेकांनो," तो माइकमध्ये ओरडला. "बसून ऐका."

कुणीतरी तळलेल्या वेटकूक-पावांची बशी हळूच खाली ठेवली. फानला लाज वाटली आणि रागही जाईना. तेवढ्यात भिंतीजवळची औमा लेना काठी टेकत उठली. झालं, ही निघाली घरी, त्याला वाटलं. एवढ्याचसाठी जमवलेलं सगळं मुसळ केरात.

म्हातारी दाराकडे गेलीच नाही. ती मंचापाशी येऊन थांबली.

"वाजव," ती म्हणाली.

"आई, हे लोक बसतच नाहीत."

"डोर्का बसायची का?" तिनं काठी बेटीच्या हातात दिली आणि आपोल्सच्या खांद्यावर हात टाकला. "चल रे, सावकाश घे."

फाननं सुरू केलं. म्हातारीच्या पायांना जमेल अशा बेतानं हॉल फिरू लागला. निरोपाची ओळ आली. लिहिताना सोपी वाटली होती, आता म्हातारीसमोर तशी वाटेना. तरी त्यानं ती म्हटली, निरोप मिळाला होता, तरी मी आणखी एक गाणं गायलो.

औमा लेना जागच्या जागी थांबली. आपोल्सला काय करावं कळेना. बाकीच्या जोड्या तिला वळसा घालून जात राहिल्या. फान गातच राहिला, आता थांबण्याची सोय नव्हती. कडवं संपेपर्यंत ती त्याच्याकडे बघत तशीच उभी होती, डोळे पुसायलाही तिनं हात उचलला नाही.

मग तिनं आपोल्सचा खांदा पुन्हा धरला आणि फानला मानेनं खूण केली, पुढे म्हण.