पार्वतीबाई हाजिर

पार्वतीबाई मरून आठ महिने झाले, पण पाझर तलावाच्या कामावर तिचा एक खाडा न्हाई. जित्तेपणी तिनं कदी घरातला तांब्या उचलला न्हाई, आन मेल्यावर बाई दिसभर पाट्या वाहून राहिली. वाहते मी, केवळाबाई. मस्टरवर नाव तिचं.

झालं असं, दुष्काळ पडला त्याच वक्ताला आमचा अमदपूर तालुका उस्मानाबादेतून नव्या लातूर जिल्ह्यात गेला. मी रोजगार हमीच्या कामावर नाव लावायला गेले, तर श्रीमंत मुकादम म्हणला, "मावशी, मस्टर जुन्या जिल्ह्याचा हाय. नव्या नावाला नवी मंजुरी लागती. ती आल्याबिगर मला पेन उचलता येत न्हाई." जिल्हा बदलला म्हणून माझी भूक काय उस्मानाबादेत राहिली व्हती?

गावातल्या बड्या आप्पासाहेबांनी मात्र पहिल्याच दिशी घरातल्या समद्यांची नावं लावली व्हती. गावाला वळण लागावं म्हणून! त्यात बायकोचंबी. ती चैतात वारली, तवा मला बोलावून म्हणले, "केवळा, पार्वतीच्या नावावर तू जा. मजुरीचा गहू येईल त्यातला अर्धा तुझा." काय मोठं मन! मेलेल्या बायकोचं नाव असं कोण देतं? अर्धा गहू ठेवून घेतला, तेवढं सोडा.

मला एकच पाहिजे व्हतं. घाम माझा, तर त्या कागदावर नावबी माझं.

आमच्यासंगं पंचशीला पाट्या वाहती. नांदेडला इतिहास घेऊन बी.ए. झाली, नोकरीचा कागद येईपर्यंत माती उचलून राहिली. एक दिवस भाकर खाता खाता ती इजिप्तच्या जुन्या लोकांचं सांगाय लागली.

"मावशी, त्यांला वाटायचं, मेल्यावरबी शेती असती. तिथं दुष्काळ न्हाई, पीक माणसाहून उंच. पण राबणार कोण? म्हणून मोठी माणसं मढ्यासंगं छोट्या बाहुल्या पुरायची. कामाचा हुकूम आला, पाणी द्या, वाळू ह्या तीरावरून त्या तीरावर न्या, की धन्याच्या जागी बाहुलीनं म्हणायचं, हाजिर."

"किती बाहुल्या?"

"कुणाकुणाच्या थडग्यात रोजची एक, तीनशे पासष्ट. आन दर दहा बाहुल्यांवर एक मुकादम, हातात चाबूक घेऊन."

बाया हसून लोळल्या. "आग बया, मेल्यावरबी मुकादम सुटत न्हाई!"

मीबी हसले, आन हसता हसता हातातली भाकर खाली ठेवली. "अगं पंचे, मग मी पार्वतीबाईची बाहुलीच की!"

 पंचशीला हळूच म्हणली, "त्या बाहुल्यांला सोताचं नाव नव्हतं, मावशी."

मला लई राग आला. "मला हाय," म्या म्हणलं.

आठ दिसांनी तपासणीला जीप आली. श्रीमंत माझ्या कानाशी येऊन म्हणला, "गप हाजिर म्हण. न्हाईतर उद्यापासून घरी बस." साहेब एकेक नाव वाचत आले.

"पार्वतीबाई आप्पासाहेब?"

मी उठले. 

"हाजिर हाय, साहेब. चैतात वारले, पण तवापासून एक खाडा न्हाई."

समदा तलाव हसला. श्रीमंत तेवढा हसला न्हाई. साहेबांनी चष्मा काढला, परत घातला. "तुमचं नाव काय?"

"केवळाबाई."

त्यांनी मस्टर वरून खाली बघितला. "हे नाव तर यात नाही."

"तेच म्हणते मी. मेलेली हजर हाय आन जित्ती गैरहजर."

म्या मंजुरीचं सांगितलं तर साहेब श्रीमंतावर कडाडले, "कसली मंजुरी? मागेल त्याला काम, एवढंच आहे!" त्यांनी सोताच्या हातानं पार्वतीबाईला खोडलं आन खाली मला लिहिलं. आठ महिने जे पेन उचलत नव्हतं, ते चुटकीत उचललं.

दुसऱ्या दिशी सकाळी हजेरी सुरू झाली. श्रीमंत तोंड वाकडं करून नावं घेऊन राहिला व्हता. "केवळाबाई!"

कुणी बोललं न्हाई.

"केवळाबाई! आली का न्हाई ही बाई?"

मीबी मान वळवून बघाय लागले, कोण न्हाई आलं म्हणून. पंचशीलानं कोपरानं ढोसलं.

"मावशी, तुमाला बोलवून राहिले."