नदीकाठच्या रस्त्याचा परवाना

“आईला बघून यायचं, हे कारण तुमच्या कायद्यात कुठे बसतं का, तेवढं बघा बाई.”

टँकरवाला खिडकीत वाकून बोलत होता. बाकीचे ड्रायव्हर त्याला गोगलगाय म्हणत. गाडी कधी पळवायची नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा तो सरळ नाकासमोर चालणारा माणूस. महिन्यातून चारदा तो मद्यार्काने भरलेला टँकर सीमेपलीकडच्या कारखान्यात पोचवायचा. अबकारी कचेरीतून परवाना मिळाल्याशिवाय त्या टँकरचं चाकही हलत नसे. परवान्यावर गाडीचा नंबर, सीलचा नंबर, मुदत आणि जायचा रस्ता. लिहिलेला रस्ता सोडला की माणूस माल चोरायला निघाला असंच धरायचं. गाडी जप्त आणि ड्रायव्हर आत.

“हमरस्त्याऐवजी नदीकाठचा रस्ता लिहिलात, तर आमचं गाव वाटेतच आहे. अठरा किलोमीटर जास्त पडतील फक्त. आईचं आता काही खरं नाही, डॉक्टरांनी हात टेकलेत. गाडी दारासमोरच उभी करीन. दहा मिनिटं बसेन आणि निघेन.”

खिडकीच्या आत बसणाऱ्या बाईंना सगळे परमिटबाईच म्हणत. बावीस वर्षं त्या या माणसाचे परवाने लिहीत होत्या, पण एवढी वाक्यं त्याच्या तोंडून त्यांनी एका दमात कधी ऐकली नव्हती. त्या अर्ज घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “कारण लिहून घ्या आणि देऊन टाका. आई आहे त्याची.”

“झालं तुमचं काम,” बाई परत येऊन म्हणाल्या. टँकरवाल्याने तिथूनच बहिणीला फोन लावला. आजारपणासाठी ती सासरहून आली होती. “आईला सांग, आज येतोय. संध्याकाळपर्यंत पोचतो,” तो इतक्या मोठ्याने बोलला की रांगेतले लोक हसले.

बाईंनी परवान्यांचं बुक पुढे ओढलं, कार्बन सारखे केले आणि लिहायला घेतलं. सुरेख अक्षर, कुठे खाडाखोड नाही. बाईंनी लिहिलेलं साहेब वाचत नसत, नुसती सही करत. बाराच्या सुमाराला टँकर फाटकाबाहेर पडला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर कचेरीत राहणाऱ्या दिवसभराच्या पिवळ्या प्रती जुळवायची बाईंची पद्धत होती. सातव्या प्रतीवर त्यांचं बोट थांबलं. रस्ता: हमरस्त्याने. बावीस वर्षं हाताला जे वळण लागलं होतं, त्याप्रमाणे हात आपलं आपण लिहून मोकळा झाला होता.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. हमरस्ता आणि नदीचा रस्ता जिथे फुटतात तो फाटा कचेरीपासून चार तासांवर. गोगलगायीच्या चालीने तर साडेचार. अर्जावर त्याचा फोन नंबर होता. बाईंनी फोन उचलला.

पण मग हा परवाना रद्द करून नवा फाट्याजवळच्या अबकारी नाक्यावर फॅक्सने पाठवावा लागला असता. तिन्ही प्रतींवर आडवी लाल शाई, साहेबांपुढे लेखी खुलासा. बाईंच्या बुकात आजवर लाल शाई म्हणून लागली नव्हती. नवीन कारकून आला की साहेब त्याला पहिलं हेच सांगत, “बाईंचं बुक बघा आणि तसं लिहायला शिका.” बाईंना मूलबाळ नव्हतं, मिरवायला दुसरं काही नव्हतं. जे काही होतं ते त्या बुकात होतं.

आजारी माणसं चार दिवस काढतातच, त्यांनी स्वतःला सांगितलं. येताना रिकाम्या गाडीला परवाना लागत नाही, हवा त्या रस्त्याने येईल. दोन दिवसांचा तर प्रश्न. आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “चेहरा का उतरलाय?”

“समजा, माझ्या हातून एखादी चूक झाली तर?”

“तुझ्या हातून?” तो पेपरातून डोकंही न काढता हसला. “आमच्या घरात चुका करायचं खातं माझ्याकडे आहे. तुझी बदली कधी झाली तिथे?”

एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसल्या.

टँकरवाला दोन आठवड्यांनी खिडकीशी आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. बाईंना विचारायची गरजच पडली नाही.

“गेली,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सकाळी. खाट दाराशी घ्यायला लावली होती तिने, रस्ता दिसावा म्हणून. माझ्या गाडीचा आवाज ओळखायची ती. बहीण सांगत होती, रात्रभर दार लावू दिलं नाही. येतोय म्हणालाय ना, मग दार कशाला लावता, म्हणत होती.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“फाट्यावर कागद काढून पाहिला तेव्हा कळलं. म्हटलं, साहेबांनी मागाहून नाही म्हटलं असेल आणि बाईंना सांगणं जड गेलं असेल. मग काय, गेलो हमरस्त्याने. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्याकडून केलंत.”

त्याने त्यांच्यासाठी सबब शोधून ठेवली होती. नुसती मान हलवली असती तर सगळं निभावलं असतं. बाईंना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

“साहेब हो म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “मीच चुकीचा रस्ता लिहिला. आणि त्याच दुपारी मला कळलंही होतं. फोन हातात घेऊन खाली ठेवला मी. माझं बुक खराब होईल म्हणून.”

टँकरवाल्याने हातातला अर्ज खिडकीच्या फळीवर ठेवला.

“किती वाजता?”

“तीन वीसला.”

तो मनाशी हिशेब करत असावा. “तीन वीस,” तो हळूच म्हणाला. “पंपावर टायरला हवा भरत होतो मी. फाटा अजून पुढे होता.”

तो ओरडला असता, खिडकीवर हात आपटला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं. त्याने फक्त नवा अर्ज आत सरकवला.

“रस्ता कोणता लिहू?” बाईंनी विचारलं.

“हमरस्त्यानेच लिहा. बहीण गेली सासरी. त्या रस्त्याला आता कोण आहे माझं?”

बाईंनी लिहिलं, सही आणली आणि पांढरी प्रत खिडकीतून दिली. इतकी वर्षं तो ती न बघता घडी घालून खिशात टाकायचा. आज तो खिडकीशीच उभा राहिला आणि गाडीच्या नंबरापासून सहीपर्यंत, एकेका ओळीवर बोट ठेवून, सगळा परवाना त्याने वाचून काढला. मागे रांगेतले कुरकुरू लागले. त्याचं वाचून होईपर्यंत बाई मान खाली घालून बसून राहिल्या.