दोन दलांची अळी

वाडग्यातल्या पाण्यावर तरंगणारी अळी चारेक मिलिमीटर लांब, पांढरट, किंचित वाकलेली होती. एका टोकाला ती दुभंगली होती.

"बघा, हिरडी पोखरणारी हीच!" दातांची कीड काढून देणारे धूरवाले बाबा मंडपात गरजले. मागची माणसं खुर्च्यांवर चढली. "डॉक्टर दात उपटतो, आम्ही दुर्गंधीचं मूळ उपटतो!"

टाळ्या पडल्या. वाडग्यातल्या तापल्या लोखंडावर टाकलेल्या औषधाचा धूर नरसाळ्याच्या टोकातून तोंडात घेत बसलेला दादा खोकत हसला. दादाचं सलून होतं. दाढीला तो वाकला की गिऱ्हाइकं श्वास रोखायची. वर्षभरात निम्मी समोरच्या दुकानात गेली. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून त्याने ब्रशच सोडला होता. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं : "पुढच्या आठवड्यात."

त्याच्या धाकट्या बहिणीला आता बसवेना. ती बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. भिजलेल्या बिया चिरून आतला अंकुर भिंगाखाली बघायचा, हेच तिचं रोजचं काम. अळीला पाय नसतील एक वेळ, पण टोकाला ही दोन बीजदलं, अंकुराची पहिली पानं, कुठून आली?

"दादा, ऊठ जरा."

"अगं, उपचार चाललाय!"

"म्हणूनच. बाबा, आता रिकाम्या खुर्चीला धूर द्या."

"पोरी, कीड उलटेल तुझ्यावर!"

"उलटू दे. माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत."

"होऊ दे की बाबा, घाबरता कशाला?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तिने वाडग्यात ताजं पाणी घेतलं, मधोमध पाण्याच्या वर राहील असा तापलेला लोखंडी तुकडा ठेवला, बाबांच्या पुडीतलं चिमूटभर औषध त्यावर टाकलं आणि वर नरसाळं पालथं घातलं. आत तडतड झाली. नरसाळं उचललं, तर पाण्यावर सात अळ्या!

"आता तोंड कुणाचं होतं?"

"नरसाळ्याचेच दात किडलेत!" मागून आवाज आला. हशा पिकला. बाबा पुड्या आवरू लागले.

"हे बी आहे," ती म्हणाली. "तापलं की फुटतं, आतला अंकुर पाण्यात उडतो. तोंडाला वास येतो तो दातांवर, हिरड्यांखाली साचलेल्या जंतूंमुळे. ते अन्नाचे कण कुजवतात, गंधकाचे वायू सोडतात. हिरडी सुजते, रक्त येतं. धूर वास तासभर झाकतो. जंतूंचा थर खरवडूनच काढावा लागतो. डोळ्यांनी दिसलं म्हणून मानू नका. तोंड बाजूला काढा आणि पुन्हा करून बघा."

दादाने तोंडावर हात धरला होता. "रक्त येतं म्हणून घासणं थांबवलं, तेच चुकलं?"

"हो."

"दात काढतील?"

"फार हलत असेल तो कदाचित. बाकीचे वाचतील."

 तोंडावरचा हात काढून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्या सकाळी दुकान बंद. मी दातांच्या डॉक्टरकडे जातोय."