उधळ्याचं नाक

ऐका, मी उधळ्या बोलतोय. हे नाव मला कोणी लाडाने ठेवलेलं नाही. बदनाम करून चिकटवलंय. म्हणून आधीच सांगतो, माझं डोकं तापलेलं आहे. मधे बोलू नका.

मी लढाईतला ट्रक. पण बंदूकवाला नाही. मागे क्रेन, क्रेनला वायररोप, रोपाला हुक. रणगाडा चिखलात रुतला, तोफेची गाडी ओढ्यात उलटली, की बाकीचे मागे पळायचे आणि मला पुढे धाडायचे. ओढ, उचल, घरी आण. मोडायला काय, कोणीही मोडतं. रुतलेलं काढायला माझ्यासारखा लागतो.

मी जिथे घडलो त्या कारखान्यात आधी नांगर बनायचे. लढाई आली, नांगर बंद झाले आणि मी सुरू झालो. पुरुष लढायला गेलेले, म्हणून कामाला सगळ्या बायका. त्यातल्या एकीने माझ्या पुढच्या बंपरला दोन जाड आकडे ठोकले आणि शेजारणीला म्हणाली, "याला डूल घालायचेत, बाई. नाहीतर उंडारेल."

ते डूल म्हणजे बिडाचे दोन ठोकळे. एक उचलायला दोन माणसं लागायची. मागे जड काही टांगलं की माझं नाक वर येतं, म्हणून पुढे हे लटकवायचे. साधी तराजूची गोष्ट आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

फौजेत माझ्यावर चौघं होते. उचलायची वेळ आली की तिघं मागे, चौथा पुढे. तो ठोकळ्यावर तळहात ठेवून उभा राहायचा आणि मागे ढुंकूनही बघायचा नाही. मागे काय लोंबतंय, कोण बोंबलतंय, त्याला देणंघेणं नाही. हाताखाली ठोकळा जरा उचलल्यासारखा वाटला की तो ओरडायचा, "सोड!" आणि मागचे निमूट सोडायचे. एकदा साहेब तडकला, "हा कामचुकार इथे टेकून का उभाय?" तर तो म्हणाला, "साहेब, ट्रक टेकून राहावा म्हणून." असली माणसं होती माझ्यापाशी.

लढाई संपली. मला लिलावात काढलं. आताच्या मालकाच्या बापाने मला घेतलं. हा बाप कमी बोलायचा. घाटाच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज होतं. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या आणायला मी बरा. कोणी विचारलं, "पुढे हे लोखंड कशाला लटकवलंय?" तर म्हणायचा, "फौजेने दिलंय म्हणजे कशाला तरी असेल. असू दे." का, ते त्यालाही माहिती नव्हतं. पण ठेवलं. शहाणा माणूस!

तो गेला आणि थोरला मुलगा मालक झाला. हा फार हुशार. त्याने माझ्या पुढच्या पट्ट्यांकडे, म्हणजे स्प्रिंगांकडे बघितलं. त्या दबलेल्या होत्या. लगेच म्हणाला, "फुकटचं ओझं वागवतोय हा. काढा ते. तेल कमी पिईल." दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर काढलं. धाकटा भाऊ तिथेच उभा होता, त्याने पाना दिला. त्यांची म्हातारी आई म्हणाली, "एक मला द्या, मागच्या दाराला पायरी नाही." मग दोन्ही तिलाच दिले. एकावर एक ठेवून तिने पायरी केली. झालं. माझे डूल गेले म्हातारीच्या पायाखाली.

मी काय करणार? मला तोंड आहे का? हॉर्न होता, तोही आधीच गेलेला.

हलक्या गाड्या उचलल्या तोवर निभावलं. मग एकदा चढावर भरलेला ट्रक मागे टांगून निघालो. धाकटा चालवत होता, थोरला मागे हुकाकडे डोळे लावून. सगळे मागेच बघतात! चढाला लागलो आणि माझी पुढची चाकं जमीन सोडून वर. धाकटा स्टेअरिंग फिरवतोय, पण चाकं हवेत, फिरवून काय उपयोग? मी आडवा गेलो, दरडीला भिडलो, आणि त्याचा पाय दाराच्या पत्र्यात सापडला.

तो लंगडा झाला. आणि मी झालो उधळ्या.

थोरला म्हणाला, "याला गाडी आवरता येत नाही. हवेत असतो सदा." धाकटा म्हणाला, "मी नव्हतो हवेत, गाडी हवेत होती!" थोरला म्हणाला, "बहाणे नको सांगूस." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच गॅरेजात, एकाच पत्र्याखाली. "आई, त्याला सांग, चौदाचा पाना दे." "आई, त्याला सांग, त्याच्याच खिशात आहे." म्हातारी भाकरी थापता थापता पाने पोचवायची. शेवटी वैतागून म्हणायची, "मी आई आहे का तुमचा टेलिफोन?"

मी मागच्या भिंतीला उभा. अंगावर वेल चढली, केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायची. मला उभं राहण्याचा भयंकर राग आहे. रस्त्यावरून जड गाडी कण्हत गेली की माझा रोप आतल्या आत आवळायचा. आणि राग पायाचा जास्त. तो पाय मी मोडला असं धाकटाही मानत होता. जाता येता माझ्याकडे थुंकायचा.

मग एक दिवस बाहेरचे दोघं जण एकदम आले. भंगारवाला त्याची गाडी घेऊन, तिच्यावर गॅसच्या टाक्या, मला कापायला. आणि त्याच्या मागोमाग एक बाई, पिशवीत टेप आणि फोटो. ही लढाईतल्या अशा ट्रकांचा आणि त्यांच्या क्रेनचा अभ्यास करायची. गॅरेजातली पोरं तिला लगेच अभ्यासबाई म्हणायला लागली.

आली तशी ती माझ्या मागे शिरली. क्रेन मोजली, हुक मोजला, खाली झोपून रोप गुंडाळणारी विंच बघितली. "अगं बाई, सगळं अस्सल आहे!" मला बरं वाटलं. मग थोरल्याला म्हणते, "भाऊ, क्रेन तेवढी कापून मला द्या. संग्रहालयात ठेवू. बाकीचं जाऊ दे भंगारात."

म्हणजे मुंडकं काचेत आणि धड भट्टीत! वा!

"न्या ना," थोरला म्हणाला. "ही ब्याद गेली म्हणजे बास. भावाला लंगडं केलंय यानं."

भावाला, म्हणाला. धाकट्याने ऐकलं.

म्हातारीने चहा आणला. बाईला बसायला काही नव्हतं, ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली. बसली आणि हात खाली टेकला. मग कप खाली ठेवला. मग उठून पायरीसमोर उकिडवी बसली, ठोकळा टांगायच्या कानाच्या भोकात बोट घालून बघायला लागली.

"आजी, ही पायरी कुठली?"

"ती उधळ्याची. म्हणजे आता माझी."

बाई धावत माझ्या पुढे आली. इतक्या वेळात पहिल्यांदा! बंपरवरचे आकडे चाचपले. पिशवीतले फोटो काढून बोनेटवर पसरले. "हा माणूस बघा. प्रत्येक फोटोत पुढे हात टेकून उभा आहे. मला वाटायचं, फोटोसाठी ऐटीत उभा राहिलाय. त्याच्यामागे काय झाकलंय ते कधी दिसलंच नाही. भाऊ, हे वजन नसेल तर मागे उचलताना पुढची चाकं..."

"हवेत जातात," धाकटा म्हणाला.

थोरल्याचं तोंड उतरलं. तो तरातरा पायरीकडे गेला, वरचा ठोकळा एकट्याने उचलायला वाकला आणि कमरेत धरून तसाच राहिला.

"धर की! बघत काय उभा राहिलास?"

"आईला सांग. ती मला सांगेल."

"मी नाही सांगणार," म्हातारी म्हणाली. "माझी पायरी नेताय तुम्ही."

धाकटा लंगडत आला. दुसरी बाजू धरली. "हं. आता तू सावकाश घे. कंबर मोडलीस तर तुलाही ट्रकने मोडली म्हणशील." दोघांनी मिळून दोन्ही ठोकळे माझ्या बंपरच्या आकड्यांना लटकवले.

भंगारवाल्याला या कौतुकात रस नव्हता. "तुमचं चालू द्या, मी उद्या येतो," म्हणत त्याने गाडी मागे घेतली आणि फाटकातल्या गटारावरची फरशी फोडून मागच्या चाकांसकट आत बसला. आता गाडी पुढेही जाईना, मागेही जाईना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय म्हणू? मी इतका खूश, इतका अधीर, की बॅटरीही नाही हे विसरलो. बॅटरी भंगारवाल्याच्याच गाडीची काढून लावली. धाकट्याने कोंबडी हुसकली, इंजिनात डोकं घातलं, शिव्या घातल्या. खोकलो, धूर सोडला, सुरू झालो. माझ्या अंगातला थरकाप तुम्हाला नाही कळायचा.

थोरला विंचवर गेला. हुक लागला. आणि सवयीने सगळे मागे जमले, पोरं, म्हातारी, अभ्यासबाईसुद्धा.

पुढे फक्त धाकटा आला. माझ्याकडे बघितलं. थुंकला नाही. ठोकळ्यावर तळहात ठेवला आणि मागे पाठ करून उभा राहिला.

रोप ताणला. फाटकात फरशी कडाडली, भंगारवाला "माझा माल!" म्हणून ओरडला. मागून थोरल्याने हाक मारली, "काय रे, आहे का खाली?" थेट त्याला. मधे म्हातारी नाही.

"आहे! घे तू. मी आहे इथे."

आणि मी उचललं. चाकं जमिनीला, नाक खाली. भंगारवाल्याची गाडी गटारातून अशी वर आली जसा दुखरा दात.

मला कापलं नाही. अभ्यासबाई फोटो काढून गेली, यावेळी पुढून. म्हातारीला पायरी म्हणून जुना टायर दिलाय, ती रोज त्याच्यावरून घसरता घसरता सगळ्यांचा उद्धार करते. भाऊ आता थेट भांडतात.

मला मात्र चैन नाही. कुठेतरी काहीतरी रुतलंय आणि मी इथे उभा आहे, या विचाराने माझ्या बोल्टांना खाज सुटते. बोलवा मला. फक्त एक करा. उचलताना सगळे मागे जमू नका. एकाने पुढे उभं राहा, हात ठेवून. बास, मग नाक वर गेलं तर खुशाल उधळ्या म्हणा.