दिनकररावांची आरोळी

मुलांनो, जरा डोळे मिटा. थंडीतली सकाळ आहे. झरी गावाच्या शिवारात ज्वारी तुमच्या डोक्यावर गेली आहे, कणसं दाण्यांनी भरली आहेत आणि त्यांच्यावर चिमण्या-साळुंक्यांची झुंबड उडाली आहे. मधोमध चार खांबांचं मचाण आहे, पण मचाणावर राखणीला कोणीच नाही. दिसलं? बांधावर उभी राहून त्या रिकाम्या मचाणाकडे बघतेय, ती चौथीतली अर्पिता.

मागच्या हिवाळ्यापर्यंत तिचे आजोबा दिनकरराव तिथून अशी आरोळी द्यायचे की पाखरं थेट ओढ्यापार व्हायची. अर्पिताला त्या आवाजाची फार आठवण यायची. पण उन्हाळ्यात आजोबांचे थोरले भाऊ बन्सीधर चहा पिता पिता हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, आणि तेव्हापासून दिनकररावांचा उजवा हात डाव्या मनगटावर जाऊन बसला. नाडी बघायची, छाती चाचपायची, पुन्हा नाडी. आरोळीचं तर नावच नको. जोर लावला आणि काळीज फुटलं म्हणजे?

परभणीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "काका, तुमचं हृदय चांगलं आहे. भीतीनं धडधडतं. त्याला गोळीची गरज नाही. घडीघडी नाडी बघाल तेवढी भीती वाढेल. रोज चाला. धडधडलं तरी माघारी फिरू नका, ते आपोआप उतरतं. आणि हाताला काम द्या."

हाताला काम कस्तुराबाईंनी दिलं. नवऱ्यापुढं अंबाडीच्या सालीच्या धाग्यांचा वाख टाकून म्हणाल्या, "घ्या, गोफण वळा. त्या मनगटाला सोडा आता. चोर धरल्यावानी धरून बसलात!"

"तुला थट्टा सुचायलीय. हितं लय धडधड व्हायलीय."

"मला बी व्हती, तुमी जेवायला उशीर केला की."

दिनकरराव हसले नाहीत, पण वाख हातात घेतला. संध्याकाळी नातीचं बोट धरून मारुतीच्या पारापर्यंत जाऊ लागले. मग ओढ्यापर्यंत. ओढ्याचा चढ आला की त्यांना दम लागायचा आणि पाय माघारी वळायचे.

"आबा, डाक्टर काय म्हणलेत?"

"डाक्टरला काय होतंय म्हणायला! काळीज माझं हाय."

"मग बसा. उतरू द्या. मी बी बसते."

दोघं दगडावर बसायची. दिनकरराव हळूहळू श्वास सोडायचे, ओढ्यातले बगळे बघायचे. धडधड उतरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा भीती, पुन्हा तोच दगड. भीती काही एका दिवसात जात नसते, मुलांनो. पण असं करत करत ती दोघं शेतापर्यंत पोचू लागली.

आणि तुम्ही डोळे मिटून पाहिलीत त्या सकाळी, पाखरांचा गोंधळ बघून, दिनकरराव मचाणावर चढले. छाती ढोलासारखी वाजत होती. हात मनगटाकडे निघाला. त्यांनी त्या हातानं मचाणाचा खांब धरला आणि उभे राहिले, बराच वेळ. मग श्वास भरून घेतला.

"हाऽऽऽ हुर्रऽऽ!"

आवाज घोगरा निघाला, पण पाखरं भर्रकन उठली. अर्पितानं टाळ्या वाजवल्या. वर बघते तर आबांचं तोंड उतरलेलं. ते बांधापलीकडच्या, बन्सीधरांच्या ज्वारीकडे कान देऊन उभे होते. तिथलं मचाणही रिकामंच होतं.

"आबा, छातीत दुखायलंय का?"

"न्हाई, माय. छाती बरी हाय." "मी हितून वरडलो की दादा तिकडून वरडायचा. न्हानपणापसून. आता तिकडून काहीच येईना."

उठलेली पाखरं आकाशात एक फेरा मारून बन्सीधरांच्या ज्वारीत उतरली. दिनकरराव खांब धरून तिकडे बघत राहिले. दुसरी आरोळी त्यांच्या तोंडून निघेना.

बांध ओलांडून अर्पिता पलीकडच्या ज्वारीत शिरली. पाती गालांना ओरबाडत होती, दव अंगावर सांडत होतं. ती त्या मचाणावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली,

"आबाऽऽ! समदी पाखरं हिकडं आलीत! वरडा कीऽऽ!"